मुंबई ते सॅन फ्रान्सिस्को: अंतर एकच, मग तास वेगवेगळे का दाखवतात?

जुळे_सोलापूर (प्रश्न)

नमस्कार मंडळी. आई-बाबांचं (वय ६८ आणि ७२) मे महिन्यातलं सॅन फ्रान्सिस्कोचं तिकीट काढायचं आहे. आकड्यांचा मेळ काही केल्या बसेना.

अंतर एका साइटवर ८,४००, दुसरीवर ७,३०० आणि तिसरीवर १३,५२० दाखवतंय. उड्डाणाचा वेळ एक म्हणते १५ तास, दुसरी म्हणते १७ तास १८ मिनिटं. एजंटाने दुबईमार्गे जे तिकीट पाठवलंय त्यात मुंबईहून शुक्रवारी पहाटे ४:३० ला सुटायचं आणि सॅन फ्रान्सिस्कोला शुक्रवारीच दुपारी १:५० ला पोचायचं. सरळ वजाबाकी केली तर ९ तास २० मिनिटं! शिवाय एजंट म्हणतोय की दुबईचा रस्ता लांबचा, पण सोयीचा.

१. खरं अंतर किती, आणि ते आपलं आपण कसं काढायचं?
२. विमानात प्रत्यक्ष किती तास बसावं लागेल?
३. दिल्ली, दुबई, फ्रँकफर्ट, सिंगापूर यांपैकी वयस्कर माणसांना कोणता रस्ता बरा?
४. सोलापूरहून विमानतळ गाठायचं गणित कसं बसवायचं?

नकाशातला_दोरा

पहिल्या प्रश्नापुरतं लिहितो.

तुमचे तिन्ही आकडे बरोबर आहेत, एकके वेगळी आहेत एवढंच. १३,५२० किलोमीटर, ८,४०० साधे मैल, ७,३०० सागरी मैल. साधा मैल १.६०९ किमीचा, सागरी मैल १.८५२ किमीचा. विमानवाले सागरी मैलांत मोजतात आणि पुष्कळ साइट नुसतं 'मैल' लिहून मोकळ्या होतात. ७,३०० ला १.६०९ ने गुणलं की ११,७४६ किमी येतात, म्हणजे पावणेदोन हजार किमी गायब. दोन साइटच्या अंतरांत सुमारे १५ टक्क्यांची तफावत दिसली की आधी एककावर संशय घ्यायचा.

आता स्वतः काढायचं असेल तर. मुंबई विमानतळ १९.०९ उत्तर, ७२.८७ पूर्व. सॅन फ्रान्सिस्को विमानतळ ३७.६२ उत्तर, १२२.३८ पश्चिम. एक पूर्वेला, दुसरं पश्चिमेला, म्हणून रेखांशांची बेरीज करायची: १९५.२५. ही १८० च्या वर गेली, म्हणून ३६० मधून वजा: १६४.७५ अंश.

मग शाळेतलं त्रिकोणमितीचं सूत्र:

साइन १९.०९ × साइन ३७.६२ = ०.३२७ × ०.६१०४ = ०.१९९६
कॉस १९.०९ × कॉस ३७.६२ × कॉस १६४.७५ = ०.९४५ × ०.७९२ × (−०.९६४८) = −०.७२२१
दोन्हींची बेरीज = −०.५२२५
याचा उलटा कॉस = १२१.५ अंश

हा कोन पृथ्वीच्या मध्यबिंदूपाशी होतो. एक अंश म्हणजे जमिनीवर १११.२ किमी, म्हणून १२१.५ × १११.२ = १३,५११ किमी. एका अंशात ६० सागरी मैल, म्हणून ७,२९०. साइटवर १०-२० किमी जास्त दिसतात कारण त्या पृथ्वीचा ध्रुवांकडचा चपटेपणा धरतात. हा फरक अर्ध्या टक्क्याच्या आतच राहतो, तिकिटाच्या कामाला त्याचा विचार करू नका.

हमखास होणाऱ्या चुका दोन. कॅल्क्युलेटर रेडियनवर असतो, तो डिग्रीवर आणायला विसरतात. आणि पूर्व-पश्चिम न बघता रेखांशांची वजाबाकी करतात. १२२.३८ मधून ७२.८७ वजा केले की उत्तर साधारण ५,२०० किमी येतं. एवढ्यात आपण अजून लंडनलाही पोचलेलो नसतो, ते ७,२०० वर आहे.

गणित नको असेल तर पोराचा पृथ्वीगोल घ्या. ३० सेंमी व्यासाच्या गोलावर १ सेंमी म्हणजे सुमारे ४२५ किमी. मुंबईवर दोऱ्याचं एक टोक, सॅन फ्रान्सिस्कोवर दुसरं, आणि दोरा ताणायचा. ३१.८ सेंमी भरेल. आणि तो कुठून जातोय ते बघा: मुंबईहून जवळजवळ सरळ उत्तरेला, नेमकं सांगायचं तर उत्तरेपासून पूर्वेकडे फक्त १४ अंश. राजस्थान, लडाख, शिनजियांग, सायबेरिया, मग ७६ अंश उत्तरेच्याही वर आर्क्टिक महासागर, तिथून अलास्का आणि खाली कॅलिफोर्निया. भिंतीवरच्या सपाट नकाशात 'अमेरिका डावीकडे' असते, म्हणून विमान पश्चिमेला जाणार असं आपण धरून चालतो. ताणलेला दोरा मात्र वर चढतो. यालाच ग्रेट सर्कल म्हणतात.

होटगी_रोड

दोराभाऊंनी अंतराचा निकाल लावला. पण त्या दोऱ्यावरून विमान क्वचितच उडतं, आणि तासांचा घोळ तिथूनच सुरू होतो.

आधी त्या दोन साइटचं. पहिलीने १३,५११ ला ९०० ने भागलं, १५ तास. दुसरीने ८,४०० मैलांना ताशी ५०० मैलांनी भागलं, १६ तास ४८ मिनिटं, आणि चढ-उतारासाठी ठोक अर्धा तास जोडला, १७ तास १८ मिनिटं. दोघींनीही कुठल्या विमानाचा खरा वेळ पाहिलेला नाही. वारा नाही, बंद आकाश नाही, थांबा नाही. असे आकडे अंदाज म्हणून ठीक, तिकीट काढायला नाही.

७७७, ७८७, ए३५० ही लांब पल्ल्याची विमानं ध्वनीच्या वेगाच्या ०.८४-०.८५ पटीने उडतात. ३५,००० फुटांवर हा वेग ताशी ९०० किमीच्या आसपास भरतो. पण तो हवेच्या तुलनेत. हवाच पुढे सरकत असेल तर जमिनीवरचा वेग वाढतो, समोरून येत असेल तर घटतो. त्या उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा जेट स्ट्रीम असतो. ताशी दीडशे-दोनशे किमी ही त्याची नेहमीची चाल, हिवाळ्यात त्याहून जोरात.

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण म्हणजे दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को. एअर इंडियाने ऑक्टोबर २०१६ मध्ये ही फेरी अटलांटिकवरून न्यायची सोडून पॅसिफिकवरून नेली. अटलांटिकचा रस्ता सुमारे १३,९०० किमी, पॅसिफिकचा सुमारे १५,३००. म्हणजे १,४०० किमी जास्त. तरी विमान साडेचौदा तासांत पोचलं, जुन्या रस्त्यापेक्षा लवकर. हिशोब करून बघा: पाठीशी ताशी १३० किमी वारा धरला तर जमिनीवरचा वेग १,०३० आणि १५,३०० किमीला १४.९ तास. समोरून नुसता २५ चा वारा असेल तर वेग ८७५ आणि १३,९०० किमीला १५.९ तास. लांबचा रस्ता तासाभराने जवळचा ठरला. परतताना हेच उलटतं, म्हणून येताना दुसरा रस्ता धरतात.

सरळ दोऱ्यावरून न जाण्याची बाकीची कारणं:

डोंगर. लडाख-काराकोरमवर हवेचा दाब गेला तर विमानाला १०,००० फुटांवर उतरावं लागतं, आणि खाली डोंगरच २०,००० फुटांचे. प्रवाशांच्या डोक्यावरून जे मास्क पडतात त्यातला प्राणवायू विमानाप्रमाणे १२ ते २२ मिनिटंच पुरतो. तेवढ्यात डोंगर ओलांडून खाली येता येईल असाच रस्ता आखावा लागतो.

आकाशाची परवानगी. फेब्रुवारी-मार्च २०२२ पासून अमेरिकी आणि युरोपीय कंपन्यांना रशियाचं आकाश बंद झालं. भारतीय आणि आखाती कंपन्यांना ते खुलं राहिलं. म्हणून त्याच दोन शहरांमध्ये एक कंपनी १६ तास लावते आणि दुसरीला फेरीच परवडत नाही. युनायटेडने मार्च २०२२ मध्ये दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को याच कारणाने थांबवली. उलट एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने आकाश बंद केलं ते फक्त भारतीय विमानांना. त्यात दिल्लीहून पश्चिमेला जाणारी विमानं जास्त अडकली. मुंबईची विमानं सुटल्या सुटल्या अरबी समुद्रावर जातात, त्यांना कमी झळ.

पर्यायी विमानतळ. दोन इंजिनांच्या विमानाला सबंध रस्ताभर ठराविक मिनिटांच्या आत उतरता येईल असा विमानतळ हाताशी लागतो. ६ जून २०२३ ला दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला निघालेलं विमान इंजिनातल्या बिघाडामुळे रशियातल्या मगदानला उतरलं, ते याच नियोजनाने.

गारठा. विमानाचं जेट ए-१ इंधन उणे ४७ अंशांना गोठतं. ध्रुवाकडे बाहेर उणे ६०-६५ असलं की टाकीतलं तापमान बघत उंची किंवा रस्ता बदलावा लागतो.

एवढं धरून प्रत्यक्ष रस्ता दोऱ्यापेक्षा ५ ते १० टक्के लांब असतो असं समजा. शिवाय तिकिटावर जो वेळ छापतात तो गेटपासून गेटपर्यंतचा. त्यात धावपट्टीकडे जाणं, रांगेत थांबणं, उतरल्यावर गेट मिळेपर्यंतचा वेळ हे सगळं येतं. मुंबईत रात्री फक्त धावपट्टी गाठायलाच २०-३० मिनिटं सहज जातात.

खरा आकडा हवा तर विमानाचा क्रमांक घ्या आणि फ्लाइटरडार२४ किंवा फ्लाइटअवेअरवर त्याच क्रमांकाच्या मागच्या सात दिवसांच्या फेऱ्या बघा. सातपैकी पाच दिवस उशीर दिसला तर पुढचं विमान चुकायची भीती खरी आहे.

जुळे_सोलापूर

दोघांनाही धन्यवाद. कॅल्क्युलेटर रेडियनवरच होता, काय सांगू! आता त्या ९ तास २० मिनिटांचा उलगडा कोणी करेल का?

घड्याळजी

करतो की ओ. तिकिटावर सुटायची वेळ सुटायच्या गावची असते आणि पोचायची वेळ पोचायच्या गावची. दोन गावांच्या घड्याळांची थेट वजाबाकी चालत नाही.

भारत जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे. कॅलिफोर्निया उन्हाळ्यात सात तास मागे, हिवाळ्यात आठ. म्हणजे मे महिन्यात आपण त्यांच्या साडेबारा तास पुढे आणि डिसेंबरात साडेतेरा. तिथली घड्याळं मार्चच्या दुसऱ्या रविवारी तासभर पुढे करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे आणतात. आपल्याकडे ही भानगड नाही, म्हणून ती आपल्याला आठवतही नाही.

तुमचं तिकीट: वजाबाकी ९:२०, त्यात फरकाचे १२:३० मिळवा, २१ तास ५० मिनिटं. हा खरा प्रवास. टप्प्याटप्प्याने पडताळा:

मुंबई सुटलं शुक्रवारी पहाटे ४:३०. जागतिक वेळेने गुरुवार रात्री ११:००.
दुबई सव्वातीन तासांनी. तिथलं घड्याळ आपल्या दीड तास मागे, म्हणून ६:१५.
दुबईहून पुढचं विमान ८:५०. म्हणजे थांबा २ तास ३५ मिनिटं.
त्यापुढे १६ तास. जागतिक वेळेने शुक्रवार रात्री ८:५०, कॅलिफोर्नियात दुपारी १:५०.

जुळलं. जाताना तारीख बदलत नाही, म्हणून प्रवास छोटा वाटतो. येताना तो सगळा हिशोब वसूल होतो. सोमवारी दुपारी साडेचारला सॅन फ्रान्सिस्को सोडलं आणि एकूण प्रवास २२ तासांचा असला तर १६:३० अधिक २२ अधिक १२:३०, म्हणजे ५१. बुधवारी पहाटे ३ वाजता मुंबई. सोमवारी निघून बुधवारी पोचतात, मंगळवार आकाशातच. घ्यायला जाणाऱ्या माणसाने परतीची तारीख तिकिटावरच्या 'अधिक २ दिवस' या बारीक अक्षरांतून वाचावी, अंदाजाने नाही.

औषधांचंही तेच. 'रोज सकाळी ८ ची' गोळी घड्याळ बघून घेतली तर जाताना दोन गोळ्यांत साडेछत्तीस तासांचं अंतर पडतं. मुंबईच्या वेळेवर एक घड्याळ तसंच ठेवून द्यायचं आणि इन्सुलिन किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या असतील तर तासांचा तक्ता डॉक्टरकडूनच लिहून घ्यायचा.

सात_रस्ता

तिसऱ्या प्रश्नाकडे येतो. चार रस्ते मोजून दिले आहेत, सगळी सरळ अंतरं:

दिल्ली: १,१४० + १२,३८० = १३,५२० किमी
दुबई: १,९३० + १३,०२० = १४,९५० किमी
फ्रँकफर्ट: ६,५७० + ९,१५० = १५,७२० किमी
सिंगापूर: ३,९२० + १३,५८० = १७,५०० किमी

पहिली ओळ परत बघा. मुंबईहून थेट १३,५११, दिल्लीत थांबून १३,५२०. जवळजवळ वाढच नाही! दोराभाऊंचा तो १४ अंशांचा दोरा दिल्लीच्या पश्चिमेला दीड-पावणेदोनशे किमीवरून जातो, म्हणून दिल्ली वाटेतच पडते.

आता जाताना हवेतले तास. दिल्लीमार्गे सव्वादोन अधिक १६ च्या आसपास. दुबईमार्गे सव्वातीन अधिक १६. फ्रँकफर्टमार्गे ९ अधिक सव्वाअकरा ते साडेअकरा. सिंगापूरमार्गे साडेपाच अधिक १५ ते साडेपंधरा. सिंगापूर दुबईपेक्षा अडीच हजार किमी लांब, पण हवेतला वेळ फार तर दीड-पावणेदोन तासच जास्त, कारण पॅसिफिकवर वारा पाठीशी. येताना त्याच मार्गावर सॅन फ्रान्सिस्को–सिंगापूर १७ तासांच्या वर जातं. दुबईचं विमान ध्रुवाच्या बाजूने जातं, तिथे वाऱ्याला आडवं कापतं, म्हणून जाता-येता फारसा फरक पडत नाही.

थोडक्यात चारही रस्त्यांत दोन-अडीच तासांचाच फरक. तुमचा एजंट म्हणतो तसा दुबईचा रस्ता लांबचा नाही, चारांत दुसऱ्या क्रमांकाचा जवळचा आहे. खरा फरक थांब्यात पडतो, तो दोन तासांचाही असतो आणि अकरा तासांचाही.

वयस्कर माणसांसाठी माझं मत असं. एका बैठकीत १६ तास नको असतील तर फ्रँकफर्ट बरं, कारण प्रवास ९ आणि ११ असा जवळजवळ निम्मा-निम्मा होतो. गुडघे दुखणाऱ्याला हा फरक मोठा. अमेरिकेचा चालू व्हिसा पासपोर्टवर असला की तिथे वेगळा ट्रान्झिट व्हिसा लागत नाही. भाषेची अडचण असेल तर दिल्ली किंवा दुबई, दोन्हीकडे हिंदीवर काम भागतं. थांबा अडीच ते चार तासांचा बघा. दीड तासाचा थांबा वेबसाइट 'चालेल' म्हणून विकते, पण व्हीलचेअरवाल्यांना विमानातून सगळ्यात शेवटी उतरवतात. त्यातच अर्धा तास जातो.

व्हीलचेअर तिकीट काढतानाच, निदान ४८ तास आधी नोंदवायची आणि तिकिटावर कुठला कोड पडला ते बघायचं. डब्ल्यूसीएचआर म्हणजे जिना चढता येतो, लांब चालवत नाही. डब्ल्यूसीएचएस म्हणजे जिनाही चढवत नाही. डब्ल्यूसीएचसी म्हणजे सीटपर्यंत न्यावं लागतं. एजंट सरसकट शेवटचा टाकतात, मग कंपनी डॉक्टरचा दाखला मागू शकते.

आणि अमेरिकेत शिरताना पहिल्या विमानतळावर सामान उचलून कस्टममधून न्यावं लागतं. दुबईहून थेट सॅन फ्रान्सिस्को असेल तर हे शेवटीच येतं. न्यूयॉर्क किंवा शिकागोत बदलायचं तिकीट स्वस्त दिसलं तरी आई-बाबांना मध्येच चार बॅगा ओढाव्या लागतील, ते टाळा.

कुर्डुवाडी_जंक्शन

चौथा प्रश्न, आणि सोलापूरकरांचं विमान चुकतं ते इथेच.

सर्वांत आधी तारीख. 'शुक्रवार पहाटे ४:३०' म्हणजे गुरुवारी रात्री साडेबारा-एकपर्यंत विमानतळाच्या आत असायला हवं. म्हणजे सोलापूर सोडायचं ते गुरुवारी सकाळी. शुक्रवारचं तिकीट म्हणून शुक्रवारची गाडी काढणारे दर मोसमात सापडतात. काउंटर साधारण उड्डाणाच्या तासभर आधी बंद होतो, त्यानंतर कितीही गयावया केली तरी उपयोग नाही.

रेल्वेने सोलापूर–मुंबई ४५५ किमी, हवेतून ३६२. वंदे भारत सकाळी सहाच्या सुमारास सुटते आणि साडेसहा तासांत मुंबई. सीएसएमटीपर्यंत जाऊ नका, दादरला उतरून टॅक्सी करा. सिद्धेश्वर एक्स्प्रेस रात्री साडेदहा-अकराला निघून पहाटे दादरला टाकते. दुपारचं किंवा संध्याकाळचं विमान असेल तर सिद्धेश्वर उत्तम. पहाटेचं विमान असेल तर सिद्धेश्वरने जाऊन अख्खा दिवस मुंबईत काढावा लागतो. गाड्यांच्या वेळा बदलतात, आरक्षण करताना एकदा बघून घ्या.

होटगी रोडच्या सोलापूर विमानतळावरून मुंबईला विमान १५ ऑक्टोबर २०२५ पासून सुरू झालंय. त्याने वेळ वाचतो खरा, पण दोन गोष्टी लक्षात ठेवा. ते तिकीट वेगळं असेल तर सोलापूरचं विमान रद्द झालं किंवा लांबलं म्हणून पुढची परदेशी कंपनी काही देणं लागत नाही, नवीन तिकीट तुमच्या खिशातून. आणि सामान: अमेरिकेच्या तिकिटावर बहुधा २३ किलोच्या दोन बॅगा, देशांतर्गत तिकिटावर साधारण १५ किलो. दोघांच्या मिळून ९२ किलोपैकी ३०च किलो फुकट, बाकीच्या ६२ चे पैसे. तेव्हा त्या विमानाने जायचं तर जड बॅगा एक दिवस आधी कुणासोबत तरी रेल्वेने पाठवा आणि मध्ये निदान आठ तास मोकळे ठेवा.

आणि एक सुचवतो. सोलापूरकर मुंबईच धरून का बसतात कळत नाही. हैदराबादचं शमशाबाद विमानतळ रस्त्याने साधारण सव्वातीनशे-साडेतीनशे किमी, मुंबई चारशे. पुणे-हैदराबाद हायवेने उमरगा, जहीराबाद करत पटनचेरूजवळच्या मुत्तंगीला आउटर रिंग रोडवर चढायचं आणि पश्चिमेकडून वळसा घालून थेट शमशाबाद. हैदराबाद शहरात शिरावंच लागत नाही. घाट नाही, पनवेल-वाशीची कोंडी नाही, सहा तास धरा. तिथून दुबई २,५५० किमी, मुंबईपेक्षा सव्वासहाशे किमी जास्त, म्हणजे विमानात पाऊण तास. त्या बदल्यात रस्त्यावरचे दीड-दोन तास वाचतात. सिंगापूर, फ्रँकफर्टलाही हैदराबादहून विमानं आहेत. एजंटाला दोन्हीकडचे भाव काढायला सांगा.

शेंगा_चटणी

वरचं सगळं चोख आहे, बॅगेपुरती भर घालते.

शेंगाची चटणी हातातल्या बॅगेत ठेवू नका. अमेरिकेला जाणाऱ्या विमानात ३५० मिलीपेक्षा जास्त पावडर हाती असेल तर वेगळी तपासणी होते आणि ती फेकायलाही लावू शकतात. चटणी, मेतकूट, सातूचं पीठ, सगळं चेक-इन बॅगेत. कडक भाकरी कुठेही चालते, फक्त चुरा होणार नाही अशी डब्यात भरा. सुकं खोबरं चेक-इनमध्ये चालत नाही. त्यात तेल असतं आणि ते आपोआप पेटू शकतं, म्हणून ते धोकादायक मालाच्या यादीत आहे. ताजी फळं, भाजी, पेरायचं बी अजिबात नाही. उतरल्यावर कस्टमवाल्यांनी विचारलं की खाण्याचे पदार्थ आहेत असं सांगायचं. सांगितलं तर फार तर काढून घेतात, लपवलं तर दंड.

जुळे_सोलापूर

मग असं ठरवतोय, चुकत असेल तर सांगा: दुबईमार्गे तेच शुक्रवार पहाटे ४:३० चं. गुरुवारी सकाळी वंदे भारतने दादर, दुपारी विमानतळाजवळ खोली घेऊन आराम, रात्री बाराला निघून टर्मिनल २. कोड डब्ल्यूसीएचआर. चटणी चेक-इनमध्ये, खोबरं घरीच.

कुर्डुवाडी_जंक्शन

बाकी सगळं बरोबर. पण सोलापूरहून सुटणारी वंदे भारत गुरुवारी नसते! तुमचा नेमका तोच दिवस. विमान शनिवारचं मिळालं तर शुक्रवारी ती गाडी धरा. शुक्रवारचंच विमान ठेवायचं तर गुरुवारी सकाळी साडेसहाची हुतात्मा एक्स्प्रेस पकडून पुण्याला उतरा आणि तिथून टॅक्सीने थेट टर्मिनल २ ची खोली. दुपारी तीन-चारपर्यंत पोचता. पुणे स्टेशनला जिने चढायचे असल्याने हमाल आधीच ठरवा, चार बॅगा आहेत.